काउबॉय दिनाच्या चुलीसाठी: लॉज कंपनीचा १२ इंची कॅम्प डच ओव्हन

जुलैचा चौथा शनिवार अमेरिकेत काउबॉय दिन म्हणून पाळला जातो. वायोमिंगचे सिनेटर क्रेग थॉमस यांच्या ठरावावरून सिनेटने २३ जुलै २००५ हा पहिला ‘नॅशनल डे ऑफ द अमेरिकन काउबॉय’ ठरवला. थॉमस २००७ मध्ये वारले. त्यानंतर वायोमिंगचेच माइक एन्झी यांनी हे काम चालू ठेवले. चालू ठेवावे लागले, कारण सिनेटचा असा ठराव त्या त्या वर्षाच्या तारखेपुरताच असतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवा आणावा लागतो. हा दिवस कायमचा करायचा तर राज्यांनी तो आपापल्या विधिमंडळात मंजूर करावा लागतो. वायोमिंगसह काही राज्यांनी तसे केले आहे.

दिवस ठरला, पण त्या दिवशी करायचे काय? टोपी, बूट आणि कमरेचा रुंद बक्कल एवढ्यावर बरेच कार्यक्रम आटोपतात. दोरीचा फास टाकणे एका दिवसात कुणी शिकत नाही, आणि घोडा व गुरे सगळ्यांच्या आवाक्यातली नाहीत. मात्र गुरांच्या तांड्याबरोबर चालणाऱ्या गाडीवरचे जेवण त्याच भांड्यात, त्याच पद्धतीने आजही रांधता येते. हे भांडे म्हणजे तीन पायांचा, कडेच्या झाकणाचा बिडाचा डच ओव्हन. टेक्ससने २००५ साली, म्हणजे पहिल्या काउबॉय दिनाच्याच वर्षी, चक वॅगनला, म्हणजे या स्वयंपाकाच्या गाडीला, राज्याचे अधिकृत वाहन आणि बिडाच्या डच ओव्हनला राज्याचे अधिकृत स्वयंपाकाचे साधन ठरवले. हा योग्य मान होता असे आमचे मत आहे.

चक वॅगनची कल्पना टेक्ससचे पशुपालक चार्ल्स गुडनाइट यांची, साल १८६६. त्यांनी लष्कराची जुनी स्टुडबेकर गाडी घेतली, मागच्या बाजूला कप्प्यांची पेटी बसवली आणि पेटीचे झाकण बिजागरीवर खाली उघडून त्याला एक पाय दिला. तोच आचाऱ्याचा ओटा. बाजूला पाण्याचे पिंप, गाडीखाली कातड्याची झोळी आणि त्यात वाटेत मिळालेले सरपण नाहीतर वाळलेले शेण. दोन-अडीच हजार गुरे आणि दहा-बारा माणसे दिवसाला दहा ते पंधरा मैल चालत. आचारी पुढे जाऊन तळ टाकायचा. त्याला ‘कूसी’ म्हणत, हा ‘कोसिनेरो’ या स्पॅनिश शब्दाचा अपभ्रंश. ‘बकारू’ हा शब्द ‘व्हाकेरो’वरून आला, ‘लॅरिएट’ ‘ला रेआता’वरून. ही परंपरा मेक्सिकन गुराख्यांकडून आली आहे आणि त्या तांड्यांत कृष्णवर्णीय काउबॉयही मोठ्या संख्येने होते. गुडनाइट यांच्या बरोबरीने वाट तुडवणारे बोझ आयकर्ड हे त्यांतले एक. गुलामगिरीत जन्मलेल्या या माणसाच्या थडग्यावर गुडनाइट यांनी स्वतः दगड बसवला. काउबॉय दिन साजरा करताना ही नावे गाळली तर तो दिवस अर्धाच उरतो.

आता भांड्याकडे वळू.

लॉज ही टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्ग गावची ओतशाळा, १८९६ पासूनची. तिच्या कॅम्प डच ओव्हनचे १२ इंची दोन प्रकार मिळतात: उथळ ६ क्वार्टचा आणि खोल ८ क्वार्टचा (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर). येथे मुख्यतः उथळ ६ क्वार्टच्या प्रकाराबद्दल लिहिले आहे, कारण एकच ओव्हन घ्यायचा असेल तर तोच घ्यावा. झाकणासह वजन सुमारे २० पौंड आहे. किंमत दुकानागणिक हलते, पण शंभर डॉलरच्या आसपास धरून चालावे.

उथळ का? कारण काउबॉय जेवणाची कसोटी भाकरीत लागते, म्हणजे बिस्किटांत. अमेरिकन बिस्किट हे कुरकुरीत नसते. तो सोडा-पावडरीवर किंवा आंबवणावर फुगलेला छोटा मऊ पाव असतो. त्याचा माथा झाकणावरच्या निखाऱ्यांनी लाल होतो. झाकण जितके जवळ तितका रंग लवकर चढतो. खोल ओव्हनमध्ये माथा पांढरा राहतो आणि तळ करपून जातो. खोल ओव्हन मांसाच्या मोठ्या तुकड्याला, अख्ख्या कोंबडीला आणि भरपूर रश्श्याला चांगला. दुसरे भांडे घ्याल तेव्हा तो घ्या.

घरगुती, सपाट बुडाचा आणि घुमटी झाकणाचा डच ओव्हन या कामाला चालत नाही. बरेच जण तो घेऊन मैदानात येतात आणि फसतात. कॅम्प ओव्हन ओळखायच्या तीन खुणा आहेत. खाली तीन पाय, म्हणजे बुडाखाली निखाऱ्यांना जागा आणि हवेला वाट. झाकण जवळपास सपाट आणि त्याला सभोवार उभी कड, म्हणजे वर ठेवलेले निखारे घरंगळत नाहीत आणि राख आत पडत नाही. वर तारेचे अर्धगोल हँडल, म्हणजे आकड्याने उचलता येते. लॉजच्या ओव्हनमध्ये या तिन्ही गोष्टी नीट आहेत. झाकणाच्या मध्यावरची कडी मोठी असल्याने आकडा सहज अडकतो. झाकण उलटे करून निखाऱ्यांवर ठेवले तर त्याचा तवाही होतो.

दुकानात उभे राहून पारख करायला पाच मिनिटे पुरतात. झाकण बसवून बोटाने कडेवर ठिकठिकाणी दाबा. डुगडुगत असेल तर दुसरा नग मागा. मग कागदाची पट्टी कड आणि झाकण यांमध्ये धरून ओढा आणि हेच चारी बाजूंना करा. पट्टी एका बाजूला सैल सुटत असेल तर तिथून वाफ जाणार, बीन्स आटणार आणि मांस कोरडे होणार. भांड्याची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची आहे का ते चिमटीत धरून पाहा. पातळ जागा लवकर तापते आणि तिथेच अन्न लागते. पाय जिथे बुडाला जोडले आहेत तिथे केसाएवढी रेघही नसावी. हँडलचे कान अखंड असावेत. ओतकामात राहिलेले बारीक खड्डे बाहेरून असतील तर हरकत नाही, आतल्या तळाला असतील तर नग घेऊ नका.

लॉजविषयीची खरी तक्रार आतल्या पृष्ठभागाची आहे. वाळूच्या साच्यातून निघालेले बीड ते घासून गुळगुळीत करत नाहीत, त्यामुळे हाताला बारीक दाणे लागतात. जुन्या काळच्या घासलेल्या भांड्यांशी तुलना केली तर नवा ओव्हन पहिले काही महिने चिकटतो. कारखान्यातून तो वनस्पती तेलाने मुरवून, म्हणजे तेलाचा कठीण थर चढवून येतो. वेष्टनावर ‘वापरायला तयार’ असे म्हटलेले असते आणि ते खरेही आहे, पण ही पहिली मुरवण पातळ असते. पहिल्याच दिवशी त्यात टोमॅटो किंवा गोड फळांचा पदार्थ शिजवला तर ती निघून जाते आणि पदार्थाला लोखंडी चव येते. काउबॉय दिनाच्या तीन-चार आठवडे आधी भांडे आणावे आणि आधी त्यात तळणे, खारवलेले मांस परतणे अशी चरबीची कामे करावीत.

घरी आणखी दोन हात चढवायचे असतील तर असे करा. गरम पाण्याने धुऊन, मंद आचेवर पूर्ण कोरडे करा. तेलाचा हात आतून, बाहेरून, पायांना आणि झाकणाला फिरवा. मग कोरड्या फडक्याने ते तेल असे पुसा की जणू चुकून लावले होते. भांडे घरच्या ओव्हनमध्ये पालथे ठेवून ४५० ते ५०० अंश फॅरेनहाइटवर एक तास ठेवा आणि आतच थंड होऊ द्या. तेल धुराच्या बिंदूच्या वर तापले की त्याचे कण एकमेकांत गुंफून कठीण थर बनतो. थर जाड राहिला तर वरचा भाग पक्का होतो आणि खालचा ओला राहतो. भांडे चिकट होण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. तसे झाले तर तेल न लावता पुन्हा एक तास त्याच आचेवर ठेवावे. त्याने सुधारले नाही तरच घासून पुन्हा सुरुवात करावी.

आता निखाऱ्यांचे गणित. पूर्वी मेस्किट, ओक किंवा मिळेल त्या लाकडाचे निखारे वापरत आणि आचारी हाताच्या अंदाजाने चालवत असे. आज शिकणाऱ्याने दाबलेल्या कोळशाच्या वड्यांनी, म्हणजे ब्रिकेटनी सुरुवात करावी, कारण त्या एका मापाच्या असतात आणि मोजता येतात. १२ इंची ओव्हनला ३५० अंश फॅरेनहाइटसाठी २५ वड्या लागतात: झाकणावर १७, बुडाखाली ८. ३२५ अंशांसाठी २३, म्हणजे वर १६ आणि खाली ७. ४२५ अंशांसाठी ३१, वर २१ आणि खाली १०. तक्ता हाताशी नसेल तर सोपा ठोकताळा असा: व्यासाच्या आकड्यात तीन मिळवून वर, तीन वजा करून खाली. १२ इंचीला वर १५ आणि खाली ९. याने साधारण ३२५ ते ३५० अंशांपर्यंत पोहोचता येते, पण खालची एक वडी जास्त पडते, म्हणून पावासाठी तक्ताच वापरावा.

हे आकडे भाजण्याच्या पदार्थांचे आहेत. परतायचे किंवा तळायचे असेल तर सगळ्या वड्या खाली. रस्सा शिजवताना बहुतेक खाली आणि थोड्या वर. मांस भाजताना दोन्हीकडे सारख्या.

वड्या कशा मांडता यावर अर्धे यश आहे. बुडाखालच्या वड्या कडेपासून अर्धा इंच आत, गोलाकार आणि सारख्या अंतरावर ठेवाव्यात. मध्यभागी एकही नको. मध्यावरची एक वडी बिस्किटांच्या तळाला काळा ठिपका पाडते आणि तो ठिपका बरोबर रुपयाएवढा उमटतो. कोणतीही वडी बुडाला टेकता कामा नये. पाय जमिनीत रुतले की हे हमखास होते. म्हणून मऊ मातीवर किंवा गवतावर ओव्हन ठेवू नका. पोलादी ताट किंवा पोलादी टेबल घ्या. वरच्या वड्या कडेला लागून एका रांगेत आणि उरलेल्या कडीभोवती ठेवा. दर पंधरा मिनिटांनी संपूर्ण ओव्हन पाव वळसा एका दिशेला आणि मग झाकण पाव वळसा उलट दिशेला फिरवावे. त्याने एखाद्या वडीची जास्त झळ एकाच जागी राहत नाही.

वड्या पेटवायला धुराड्यासारखे पत्र्याचे नळकांडे वापरावे आणि त्यात खाली कागद, वर वड्या घालाव्यात. पंधरा-वीस मिनिटांत कडांवर राखाडी थर आला की त्या वापरायला योग्य होतात. रॉकेलसारखा वास येणारा पेटवण द्रव टाळावा, झाकणाखालच्या पावाला तो वास लागतो. पेटलेली वडी ४५ मिनिटे ते तासभर कामाची उष्णता देते. जास्त वेळाच्या पदार्थासाठी नळकांड्यात दुसरा घाणा ४० मिनिटांच्या सुमारास पेटवायला घ्यावा. पहिल्या वड्या विझत आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही, बीड थंड झाले की पुन्हा तापायला वेळ खाते.

जुलैतले दोन शत्रू: ऊन आणि वारा. काळे बीड उन्हातच बरेच तापते, म्हणून टेक्सस किंवा ओक्लाहोमाच्या भर दुपारी तक्त्यातल्या एक-दोन वड्या कमी करा. वाऱ्यात वड्या भडकतात, पदार्थ एका बाजूने करपतो आणि वड्या निम्म्या वेळात राख होतात. पोलादी टेबलाला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा लावा. तेवढ्याने तक्ता पुन्हा खरा होतो.

आगीची परवानगी हा विषय खरेदीच्या आधीच पाहावा. कोरड्या उन्हाळ्यात टेक्ससच्या काउंट्या आग-बंदी जाहीर करतात. राष्ट्रीय वनांत पहिल्या टप्प्याचे निर्बंध असतील तर कोळसा फक्त नेमून दिलेल्या, तयार केलेल्या जागांवर चालतो. चावी फिरवून बंद करता येणारी गॅसची शेगडी मात्र सहसा चालते. आदेशाचा मजकूर जागेगणिक वेगळा असतो, तेव्हा कार्यक्रमाच्या आठवड्यात तो पुन्हा वाचा. गॅसवर हा ओव्हन वापरता येतो, पण झाकणावर उष्णता नसल्याने त्यात पाव होत नाही. त्या वर्षी बीन्स आणि मांसावर समाधान मानावे.

चक वॅगनच्या पाककला स्पर्धांत पाच प्रकार असतात: मांस, बीन्स, बटाटे, पाव आणि गोड पदार्थ. काउबॉय दिनाची पंगतही याच पाचांवर मांडावी. सगळे एका ओव्हनमध्ये होत नाही हे स्पष्टच आहे, पण १२ इंची उथळ ओव्हन त्यातल्या तिघांना उत्तम सांभाळतो.

बीन्स. दोन पौंड पिंटो बीन्स निवडून घ्या. निवडणे हा शब्द गंभीरपणे घ्यावा, खडे निघतात. रात्रभर भिजवा, पाणी ओता, ओव्हनमध्ये अर्धा पौंड खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे परतून चरबी सोडवा. मग बीन्स आणि वर दोन इंच येईल एवढे पाणी. भांडे काठापासून दीड-दोन इंच रिकामे राहिले पाहिजे. उकळी येईपर्यंत खाली १४-१५ वड्या ठेवा, नंतर ८ वर आणा आणि झाकणावर ४-५. दोन ते तीन तास. दर अर्ध्या तासाला झाकण सरळ वर उचलून पाणी पाहा आणि लागल्यास गरम पाणीच घाला. तापलेल्या बिडात थंड पाणी ओतले तर भांडे तडकते, आणि तडकलेले बीड पुन्हा जुळत नाही. टोमॅटो किंवा व्हिनेगर घालायचे असेल तर बीन्स मऊ झाल्यावर शेवटच्या वीस मिनिटांत. आम्लाने साल घट्ट राहते आणि भांड्याची मुरवणही उतरते. वायोमिंगची राजधानी शेयन हिच्यासारख्या ठिकाणी जास्त वेळ धरा. ते शहर सुमारे ६,००० फूट उंचीवर असल्याने पाणी २०१ अंश फॅरेनहाइटच्या आसपासच उकळते आणि बीन्सना तास-दीड तास जास्त लागतो. जुलैच्या शेवटी तिथे १८९७ पासून चालत आलेली फ्रंटियर डेज ही काउबॉय खेळांची जत्रा भरते आणि काउबॉय दिन बहुधा तिच्या धामधुमीतच येतो, म्हणून ही सूचना मुद्दाम दिली.

बिस्किटे. अडीच कप मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, एक चमचा मीठ. त्यात अर्धा कप थंड लार्ड (डुकराची चरबी) किंवा लोणी बोटांनी कुस्करा. मग एक कप जिवंत, बुडबुडे आलेले सावरडोचे आंबवण आणि पाऊण कप ताक. आंबवण पातळ असेल तर ताक कमी करा. पीठ मळू नका, गोळा जमला की थांबा. पाऊण इंच जाड थापून अडीच इंची गोल कापा आणि कापताना साचा फिरवू नका. फिरवल्याने कड दबते आणि बिस्किट तिरके फुगते. तळाला चरबीचा हात लावून १२ ते १४ बिस्किटे एकमेकांना टेकून बसवा. ४२५ अंशांच्या मांडणीत १५ ते १८ मिनिटे. शेवटची पाच मिनिटे बुडाखालच्या वड्या काढून घ्या. या एका सवयीने जितकी बिस्किटे वाचतात तितकी दुसऱ्या कशाने वाचत नाहीत. तांड्यावरचे आचारी आंबवणाची बरणी थंडीच्या रात्री अंथरुणात घेऊन झोपत. जुलैत प्रश्न उलटा असतो: उन्हात बरणी राहिली तर आंबवण दुपारपर्यंत दमून पातळ आणि अति आंबट होते. तिला गाडीच्या सावलीत ठेवा.

कॉब्लर, म्हणजे फळांवर पिठाचे आवरण घालून भाजलेला गोड पदार्थ. वाळवलेले पीच किंवा सफरचंद रात्री भिजवा, साखरेबरोबर शिजवून घ्या, वर पातळसर पीठ ओता. ३५० अंश, ४५ मिनिटे, अर्ध्या तासाने खालच्या ८ वड्यांतल्या निम्म्या काढा. साखर तळाला जळली तर ती काढताना मुरवणही निघते. शिकाऊ हाताने तळाला बेकिंगचा कागद (पार्चमेंट पेपर) घालायला संकोच करू नये.

कॉफी या ओव्हनमध्ये करू नका. तिला वेगळे भांडे लागते. काउबॉय मंडळींची कॉफी अर्बकल बंधूंची एरिओसा. भाजलेले दाणे अंडे आणि साखरेच्या लेपाने झाकून एक पौंडाच्या पिशवीत विकत आणि त्यात पेपरमिंटची एक कांडी असे. दाणे दळायला कोण येतो असे आचाऱ्याने विचारले की त्या कांडीसाठी माणसे पुढे येत.

पंचवीस माणसांची पंगत असेल तर एकाहून जास्त ओव्हन लागतील, उथळही आणि खोलही. दुपारी १२ वाजता वाढायचे असेल तर बीन्स ८ वाजता चढवा, मांस ८:३० ला, बटाटे १०:३० ला, कॉब्लर ११ ला. बिस्किटांचा ओव्हन ११:३० ला तापवायला घ्या आणि ११:४० ला बिस्किटे आत. ओव्हन एकावर एक रचले तर खालच्या झाकणावरचे निखारे वरच्या बुडाला चालतात आणि कोळसा वाचतो. पण ज्यात सारखे पाहावे लागते तो सर्वांत वर हवा, बिस्किटे मधल्या थरात कधीच नको, आणि तीनपेक्षा जास्त थर रचू नयेत.

ओव्हनबरोबर वेगळे विकत घ्यावे असे एकच साधन आहे: झाकण उचलायचा आकडा. नुसता वाकवलेला आकडा घेतला तर झाकण लटकते, झुकते आणि राख सरळ बीन्समध्ये. कडीला धरून झाकणावर दोन बाजूंनी टेकणारा पकडीचा आकडा घ्या. चामड्याचे लांब हातमोजेही हवेत. काढलेले झाकण जमिनीवर ठेवायचे नसते. तांड्यावर हा पक्का नियम होता, कारण झाकणाला चिकटलेली माती पुढच्या क्षणी जेवणात जाते. पोलादी तिवई किंवा विटांचे तीन तुकडे ठेवा. दुसरा नियम, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूने गाडीजवळ घोडा आणू नये. तिसरा, आचाऱ्याच्या ओट्यावर ताट ठेवून जेवू नये. कार्यक्रमाला येणाऱ्या मुलांना हे तीन नियम सांगावेत. त्यांना ते लगेच पटतात.

इतर पर्याय. काही कंपन्या झाकणालाही पाय देतात, म्हणजे ते तव्यासारखे स्थिर उभे राहते, आणि काठाला थर्मामीटरची खाच देतात. सोय चांगली आहे, पण खाचेतून वाफ जाते. लांबच्या रश्श्यात फरक जाणवतो. अ‍ॅल्युमिनियमचे ओव्हन बिडाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या वजनाचे असतात आणि गंजत नाहीत. होडीतून किंवा घोड्यावर लादून न्यायचे असेल तर ते समजण्यासारखे आहे. मात्र त्यांत उष्णता साठून राहत नाही, त्यामुळे वाऱ्यात आच वर-खाली होते. रिकामे भांडे भडकलेल्या निखाऱ्यांवर विसरले तर अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. काउबॉय दिनाच्या कामासाठी बीडच. जुन्या बाजारात दुसऱ्या हाताचा ओव्हन मिळाला तर गंजाला घाबरू नका, तडा मात्र शोधा. भांडे हँडलला टांगून लाकडी चमच्याने हलके वाजवा. अखंड बीड घंटेसारखे वाजते, तडकलेले बद्द आणि बसका आवाज देते.

जेवण झाल्यावर भांडे कोमट असतानाच घासावे. गरम पाणी, लाकडी उलथणे, लागलेच तर जाड मीठ. थोड्या साबणाने मुरवण जात नाही, रात्रभर पाण्यात भिजत ठेवल्याने मात्र गंज येतो. उरलेले बीन्स त्यात ठेवून झोपू नका. राखेवर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता आणि थंड झाल्याचे हाताने तपासूनच धातूच्या बादलीत भरा. कोळसा तंबूत किंवा बंद गाडीत कधीही पेटता नेऊ नये, कार्बन मोनॉक्साइडने माणसे मरतात.

भांडे मंद आचेवर कोरडे करा, तेलाचा अगदी पातळ हात लावा. झाकण घट्ट लावून ठेवले तर आतले तेल महिन्याभरात खवट होते आणि पुढच्या पदार्थाला तो वास येतो. म्हणून कागदी रुमालाची जाड घडी कड आणि झाकणाच्या मध्ये ठेवून हवा खेळती राहू द्यावी. ओव्हनवर ओव्हन रचून वाहनात ठेवू नका. वरच्याचा पाय धक्क्याने खालच्या झाकणात आदळतो, आणि दोन्ही भांडी त्याच ठिकाणी फुटतात.